रिमोटने बंद म्हणजे खरेच बंद?



एके दिवशी सकाळी टीव्हीखालचा कप्पा पुसताना पत्नीने मला हाक मारली. “अहो, टीव्ही रात्रीपासून बंद आहे ना? मग हा डबा गरम कसा?” मी सेट-टॉप बॉक्सवर हात ठेवून पाहिला. खरेच, तो चांगला कोमट होता. ही ऊब फुकटची नव्हती. ती विजेची होती आणि तिचे पैसे आम्हीच भरत होतो. त्या दिवशी घरात जो अभ्यास सुरू झाला, तो आज आपल्यापुढे मांडत आहे.

रिमोटने बंद केलेले उपकरण झोपत नाही, ते वाट पाहत राहते. पुन्हा रिमोट दाबला तर तो ओळखता यावा म्हणून त्याचा काही भाग जागा ठेवावा लागतो. यालाच स्टँडबाय म्हणतात. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंड सिस्टीम, एसी, मायक्रोवेव्हवरचे घड्याळ, सगळ्यांचे असेच. नव्या टीव्हीचा हा खप बहुधा अगदी कमी असतो. सेट-टॉप बॉक्सचे मात्र तसे नाही. रिमोटने बंद केल्यावरही अनेक बॉक्स जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज घेतात.

आता हिशेब पाहू. एखादा बॉक्स १० वॅट घेतो असे धरू. दिवसातले ४ तास आपण टीव्ही पाहतो, उरलेले २० तास तो नुसता वाट पाहतो. १० वॅट गुणिले २० तास म्हणजे २०० वॅट-तास. १००० वॅट-तासांचे एक युनिट, म्हणून महिन्याला ६ युनिट झाले. वर्षाला सुमारे ७३ युनिट, आणि तेही कोणी काही पाहत नसताना!

आपल्या घरचा आकडा आपल्यालाच काढता येतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते. घरातले दिवे व पंखे बंद करा. फ्रिज दहा मिनिटांपुरता बंद करा. बाकी सर्व उपकरणे रोजच्यासारखी फक्त रिमोटने बंद ठेवा. मग दिवा एकदा लुकलुकल्यापासून पुन्हा लुकलुकेपर्यंतचे सेकंद मोजा. ३६,००,००० ला मीटरवरील आकड्याने भागा आणि आलेल्या उत्तराला सेकंदांनी भागा. येईल तो खप वॅटमध्ये.

आमच्या मीटरवर ३२०० लिहिले आहे. मध्ये ४५ सेकंद गेले. उत्तर आले २५ वॅट. दिवसरात्र २५ वॅट म्हणजे महिन्याला १८ युनिट!

मग आम्ही भिंतीवरचे बटण का बंद करत नव्हतो? अमेरिकेत बहुतेक सॉकेटना बटणच नसते, तिथे पिन तरी काढावी लागते किंवा बटणाची पट्टी जोडावी लागते. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटजवळ बटण असते. पण आमचे बटण टीव्हीच्या कपाटामागे होते. माझ्या आईचे गुडघे दुखतात. रात्री शेवटी टीव्ही तीच बंद करते. तिने रोज वाकून कपाटामागे हात घालावा हे शक्य नव्हते. दोष आळसाचा नव्हता, बटणाच्या जागेचा होता.

म्हणून वायरमनला बोलावून कपाटाबाहेर, उभ्याने हात पोहोचेल अशा उंचीवर एक बटण बसवून घेतले. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंड सिस्टीम तिन्ही त्यावर आहेत. आता आई आधी रिमोट दाबते, मग बटण. पुन्हा मोजले तर दोन लुकलुकण्यांत १५० सेकंद गेले, म्हणजे साडेसात वॅट. टीव्ही पाहण्याचे तास सोडले तरी महिन्याला सुमारे १० युनिट वाचतात.

दहा युनिट थोडी वाटतील, पण महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, पुढच्यांचा जास्त. ज्या घराचा वापर १०५ युनिट आहे, तिथे दहा वाचली की महाग टप्पा पूर्ण टळतो.

काही काळजी मात्र घ्यायलाच हवी.

१. बटणाने फेजची तार तुटली पाहिजे. न्यूट्रल तुटली तर उपकरण बंद दिसते, पण आत वीज असते. म्हणून हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. उपकरणाची वायर मध्येच कापून, चिकटपट्टी लावून बटण जोडू नये.

२. बटणाचा एक्स्टेंशन बोर्ड घेतला तर आयएसआय चिन्ह पाहून घ्यावा. त्यावर गिझर, इस्त्री किंवा हीटर लावू नये. त्यांना १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा.

३. फ्रिज त्या बटणावर नको. संगणक आधी नीट बंद करावा, मगच बटण. ज्या सेट-टॉप बॉक्समध्ये रात्री रेकॉर्डिंग लावले असेल, तोही त्या वेळी चालू ठेवावा.

हा प्रश्न फक्त आपल्या घरचा नाही. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने प्रत्येक उपकरणाचा स्टँडबाय खप एका वॅटवर आणावा अशी योजना मांडली. युरोपीय संघाने २०१० पासून अनेक घरगुती उपकरणांना तशी मर्यादा घातली आणि २०१३ पासून ती अर्ध्या वॅटवर आणली. नवी उपकरणे त्यामुळे सुधारली, पण आपल्या कपाटात अजून जुनीच आहेत. त्यांच्यासाठी बटण हाच उपाय.

या महिन्यात घरी करून पाहण्यासाठी तीन गोष्टी:

• रविवारी उपासनेला निघताना बंद उपकरणांवर हात ठेवून पाहा. कोणते गरम आहे?

• मुलांना मीटरची लुकलुक मोजायला सांगा. गणिताचा याहून चांगला धडा मिळणार नाही.

• घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, “तुमचा हात कोणत्या बटणापर्यंत पोहोचत नाही?” पहिले बटण तिथेच बसवा.

आमच्या घरी तो डबा आता सकाळी थंडगार असतो.