बोटे हलतात, म्हणून हाड शाबूत?

गेल्या महिन्यात एक आजी आपल्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. आदल्या दिवशी तो चिंचेच्या झाडावरून पडला होता. "बोटं हलवतोय, म्हणजे मुका मारच असणार," असे म्हणून घरच्यांनी सकाळी हात तेलाने चोळला आणि कामट्या लावून आवळून बांधला. संध्याकाळी बोटे सुजून निळसर पडली होती. मी आधी ते फडके कापून काढले. सुदैवाने थोड्या वेळात बोटांना रंग आला. एक्स-रेमध्ये मात्र मनगटाच्या वरचे हाड मोडलेले दिसले.

वाचकहो, बोटे हलवण्याचे काम स्नायू करतात. ते शाबूत असले, तर हाड मोडूनही बोटे हलतात. म्हणून या परीक्षेवर विसंबू नका. शिवाय प्रत्येक हाड एकाच तऱ्हेने मोडत नाही. लहान मुलांचे हाड अनेकदा ओल्या फांदीसारखे एका बाजूने तडकते व वाकते, तेव्हा त्याचे दोन तुकडे होत नाहीत. काही वेळा केसाएवढी बारीक चीर पडते. ती पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही, १०-१४ दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. वाहनाच्या अपघातात हाडाचा चुरा होतो. मोडलेल्या जागी जखम असेल, तर तो उघडा अस्थिभंग. यात जंतू थेट हाडापर्यंत पोचतात, म्हणून जराही वेळ दवडू नये. वयस्कर बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात. न्हाणीघरात पाय घसरला आणि हात टेकला, तेवढ्यानेही मनगट मोडते.

मग घरी काय करावे? चोळू नये, ओढून सरळ करू नये. वर्तमानपत्राची जाड घडी हाताखाली ठेवून रुमालाने सैलसर बांधावी आणि हात झोळीत घ्यावा. बांगड्या, अंगठी लगेच काढावी. जखमेवर स्वच्छ कापड ठेवावे, हळद किंवा तंबाखू भरू नये. मांडीचे किंवा पाठीचे हाड मोडल्याची शंका असल्यास रोग्याला न उठवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्लास्टर घातल्यावरही सूज वाढू शकते. वेदना वाढतच गेल्या, बोटे गार, निळी वा बधिर पडली, बोट सरळ करताना कळ आली, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा. रक्तपुरवठा तुटल्यास सुमारे ६ तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. मोडलेले हाड जुळते, मेलेला स्नायू परत येत नाही.

त्या मुलाचे प्लास्टर ४ आठवड्यांनी काढले. मोठ्या माणसाच्या मनगटाला ६ आठवडे, नडगीला तर ३-४ महिने लागतात. परवा आजी म्हणाल्या, "डॉक्टर, पोरगं पुन्हा चिंचेवर चढलंय." मी म्हटले, "चढू द्या आजी. पडला तर बांधू मात्र नका, इकडे आणा."