बॅटरी निर्दोष होती

जुलैचा पाऊस, पहाटेचे तीन आणि माळशेज घाटातली चहाची टपरी. जीपमध्ये कल्याणच्या बाजारात न्यायची कोथिंबीर होती. चहा घेऊन किल्ली फिरवली तर नुसतं एक ‘टक्’. हेडलाइट मात्र लख्ख. टपरीवरच्या दोघांनी गाडी गिअरमध्ये टाकून मागेपुढे हलवली, मी पुन्हा सेल्फ मारला आणि काही झालंच नव्हतं अशी ती सुरू झाली.

हा प्रकार दोन वर्षं चालला होता. गाडी २००३ सालची, डिझेल. कधी महिनाभर बिनतक्रार, कधी एका दिवसात दोनदा धक्का. तेवढ्या काळात मी दोन बॅटऱ्या बदलल्या आणि सेल्फ उतरवून त्याचे बुश आणि कार्बन नवे टाकले. हलवली की सुरू होते म्हणून एका गॅरेजवाल्याने फ्लायव्हीलच्या दात्यांवर संशय घेतला. तेही उघडून पाहिलं, दाते चांगले होते. प्रत्येक कामानंतर पंधरा-वीस दिवस गाडी नीट चालायची आणि मला वाटायचं, दोष सापडला. खरं तर काम करताना तारा हलायच्या आणि नवी बॅटरी भरलेली असायची, एवढंच.

शेवटी ओतूरच्या एका म्हाताऱ्या वायरमन काकांनी काहीच उघडलं नाही. मला म्हणाले, ‘सेल्फ मार, पण पाच सेकंदांच्या वर नको.’ तेवढ्यात त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. ‘दादा, हात लाव.’ केबलचं वेटोळं चटका बसेल इतकं तापलं होतं.

बॅटरीची ऋण तार चॅसीला जोडलेली असते, पण सेल्फ बसतो इंजिनवर, आणि इंजिन रबरी माउंटिंगवर तरंगत असतं. दोघांना जोडते ती विणलेल्या तांब्याची एक पट्टी, अर्थिंगची. माझ्या गाडीत तिचं चॅसीकडचं टोक गंज आणि रंगाखाली कुजलेलं होतं. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, म्हणून सेल्फला दोनशे-तीनशे अँपिअर लागतात. एवढा प्रवाह परतीची वाट शोधत अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून चालला होता. गाडी हलवली की इंजिन हलायचं, पट्टीचं टोक टेकायचं, आणि सेल्फ फिरायचा. हेडलाइट चॅसीवरच अर्थ होतात, म्हणून ते लख्ख. अल्टरनेटरही इंजिनवरच असतो, त्यामुळे चार्जिंग अपुरं पडायचं. दुकानदाराला बॅटरी खरोखरच उतरलेली दिसायची आणि तो प्रामाणिकपणे नवी सुचवायचा.

काकांनी मीटर लावला. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूला, काळं बॅटरीच्या ऋण टर्मिनलला. सेल्फ मारताना तिथे ०.३ व्होल्टच्या वर काही दिसायला नको. माझ्याकडे तीनच्या वर गेलं. मग जंपर केबलची एक तार ऋण टर्मिनलवरून थेट इंजिनच्या बोल्टला लावली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. नवी पट्टी दोनशे रुपयांच्या आत आली. दोन्ही टोकांखालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत केला आणि वर ग्रीस लावलं.

तुमची जुनी डिझेल अशी मध्येच दगा देत असेल, तर आधी कान द्या. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. हीटर प्लग, डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा किंवा पंपाचा सोलेनॉइड तपासा. ‘टकटकटक’ होऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टर्मिनलं सैल आहेत. एकच ‘टक्’ आणि दिवे लख्ख, तर मुख्य जोडण्या आणि सेल्फ.

मीटर घरात ठेवाच. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये; इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. आणि हे मोजमाप दोष हजर असतानाच घ्या. गाडी नीट चालत असताना घेतलेला आकडा मला दोनदा फसवून गेला. तारा सोडताना ऋण आधी सोडा, लावताना शेवटी लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको.

येत्या रविवारी बॉनेट उघडा आणि इंजिनवरून चॅसीकडे जाणारी ती पट्टी दोन्ही टोकांना एकदा हाताने हलवून बघा. नवी बॅटरी त्यानंतर.