नर्सरीतून आल्यावरची रडारड

प्रश्न : मुलगी सव्वातीन वर्षांची. साडेबाराला नर्सरीतून आली की बूटही काढू देत नाही, रडते, जेवत नाही. संध्याकाळी सहाला पेंगते आणि मग रात्री अकरापर्यंत टक्क जागी. सासूबाई म्हणतात, दुपारी झोपवूच नको.
– एक आई, प्रभादेवी

उत्तर : ताई, हा हट्ट नव्हे, थकवा आहे. रांग, आवाज, अनोळखी माणसं. तिथे ती स्वतःला आवरून धरते आणि तुम्ही दिसलात की बांध फुटतो. म्हणून आल्याआल्या 'आज काय शिकवलं?' विचारू नका. हातपाय धुवा, मऊ वरणभात भरवा आणि लगेच आडवं करा. आपल्याकडे टॉवरची कामं दिवसभर चालतात, तेव्हा खिडकी लावून पडदा ओढा. झोप आली नाही तरी नुसतं पडून राहू दे. मोबाइल मात्र नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास झोप लागते. सासूबाईंची काळजी रात्रीच्या जागरणाची आहे, पण ते होतं सहाच्या झोपेमुळे. दुपारी तास-दीड तास झोपवून तीनपर्यंत उठवा, पाचला चौपाटीवर वाळूत खेळू द्या, नऊला दिवा बंद. नृत्य, फोनिक्सचे क्लास या वर्षी राहू द्यात.

झोपेत घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा पुरेशी झोपूनही मलूल, फिकट दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिन तपासायला हवं का, तेही विचारा.