‘काही नाही’ कशावरून, हे विचार

पुणे

चि. सचिन,

वहिनीचा फोन आला होता. तुझ्या पापण्या सुजतात, मानेवरची आणि कोपराच्या आतल्या बाजूची कातडी जाड, काळी पडलीय, खाजवून खाजवून रात्रीची झोप गेलीय, असं म्हणाली. एका डॉक्टरांनी उष्णता म्हटलं. दुसऱ्यांनी मान वर न करता ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून वाटेला लावलं. आता कुणाकडंच जायचं नाही, असं तू ठरवलंयस म्हणे. राग मला समजतो, पण निर्णय पटत नाही.

टेन्शनचं आधी बोलते. ज्याला रात्रभर खाज झोपू देत नाही, तो दिवसा हसतमुख कसा राहील? काळजीनं खाज वाढते हे खरं, पण म्हणून काळजी हेच तिचं मूळ, असं होत नाही. त्वचेच्या वॉर्डात माझी नोकरीची वर्षं गेली, तेव्हा ‘काही नाही’चा अर्थ मला ठाऊक आहे. जिवाला धोका नाही, किंवा एवढ्या वेळात मला काही दिसलं नाही, इतकाच तो बहुतेकदा असतो. बाहेर रांग दारापर्यंत असते. तू ‘लई खाजतंय’ म्हणालास की डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही.

लांबून निदान करणं हे माझं काम नाही. तरी एक गोष्ट तुझ्या कानावर घालते. आपल्या येरमाळ्यात हायवेच्या कडेला, बांधावर, पडीक रानात माजलेलं गाजर गवत आपल्या देशात पहिल्यांदा नजरेत भरलं ते इथं पुण्यात, 1955 साली. ते अमेरिकेच्या पीएल-480 करारातल्या गव्हातून आलं असं सगळे सांगतात. पण तो करार भारताशी झाला 1956 साली, तेव्हा सगळे सांगतात त्यावर किती विसंबायचं ते तूच बघ. पुढं ते रानोमाळ पसरलं आणि शेतकऱ्यांच्या चेहऱ्या-मानेवर असंच खाजरं, जाड कातडीचं दुखणं दिसू लागलं. या गवतानं होणाऱ्या त्वचादाहावर डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांचा निबंध 1974 साली लंडनमध्ये छापून आला. गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य त्याच्या मुळाशी आहे. हात लावायचीही गरज नसते. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर येतो आणि पापण्या, मान, कोपराच्या घडीत बसतो. वर्षानुवर्षं खुरपून काही न झालेल्या माणसालाही एखाद्या हंगामात अचानक सुरू होतं, म्हणून तर ते लवकर ओळखू येत नाही. उन्हाचा त्रास असेल तर कानामागची आणि हनुवटीखालची जागा बहुधा सुटते. वाऱ्यावरच्या भुग्याला ती आडोशाची जागाही सापडते. आरशात तेवढं नीट बघ.

तुझं दुखणं हेच असेल असं नाही. आत्या म्हणाली म्हणून डॉक्टरांपुढं ‘मला गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे’ असं जाऊन सांगू नकोस, फार तर ‘असू शकेल का?’ असं विचार. सोबत एक वही ने. कुठल्या रानात होतास, काय खुरपलं, फवारणी होती का, दुसऱ्या दिवशी कुठं उठलं, एवढंच तीत लिही. दिवसाच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढून ठेव, कारण तू जाशील त्या दिवशी नेमकं कमी असेल. बोलताना पहिल्या वाक्यात काम सांग: झोप होत नाही, डोळा उघडत नाही, रानात उतरता येत नाही. तरीही ‘काही नाही’ आलं, तर शांतपणे विचार, ‘कशावरून, साहेब? मग आणखी काय असू शकेल?’ आणि जी शंका असेल ती चिठ्ठीवर लिहून माग, पुढं प्रश्नचिन्ह असलं तरी चालेल. दर पंधरवड्याला डॉक्टर बदललास, तर प्रत्येकाकडं पहिल्यापासून सुरुवात.

मेडिकलमधून आणलेल्या, तीन औषधं एकत्र असलेल्या ट्यूबची मला खरी भीती वाटते. तिच्यात बहुधा कडक स्टिरॉइड असतं. लावली की दोन दिवसांत गुण, सोडली की दुप्पट भडका, आणि चेहऱ्याची कातडी पातळ होते ती वेगळीच. 2018 साली सरकारनं अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती काउंटरवर मिळतात. स्टिरॉइडच्या सुईचंही तेच. मात्र बरेच दिवस चालू असेल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना सांगूनच थांबव.

आपल्या येडाई देवीचं काही राहिलं असेल, असं शेजारी म्हणतात, हेही वहिनीनं सांगितलं. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला जा, चुना वेच, माझ्याही नावानं वेच. पण गालाला कुणी दिलेला लेप लावायचा नाही.

तुला गरज आहे ती पॅच टेस्टची. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात. साधारणपणे सोमवारी लावतात, बुधवारी काढून बघतात, शुक्रवारी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही, म्हणजे तो आठवडा रानाला सुट्टी. आणखी काही खुणा लक्षात ठेव. कधी कुठल्या चट्ट्याला बधिरपणा आला, तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखव. कुष्ठरोगाचं औषध तिथं फुकट मिळतं. घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटली तर खरूज समज. अंगावर फोड, तोंडात जखमा आणि ताप एकदम आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

गवत उपटायचं तर फुलावर येण्याआधी, आणि तू नाही, दुसऱ्या कुणी हातमोजे घालून उपटावं. पेटवू तर अजिबात नका.

अंबाजोगाईच्या किंवा सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे. पॅच टेस्ट कुठल्या दिवशी होते, हे निघण्याआधी फोनवर विचारून घे. आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि संपलेल्या ट्यूबासुद्धा पिशवीत घालून ने. दादाला सोबत घे, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझी आत्या