विटांच्या भिंतीतून जाड सळई निघत नाही

आमच्या खालचे दोन्ही फ्लॅट एकाच कुटुंबाने घेतले. काम झालं, वास्तुशांत झाली, आम्हाला बोलावणं नव्हतं. सोसायटीत मी मात्र अजूनही ‘तक्रारवाल्या बाई’ आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकते. उद्या तुमच्या इमारतीत असं काम निघालं तर उपयोगी पडेल.

मुलुंड पूर्वेला आमच्यासारख्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारती गल्लोगल्ली आहेत. रिडेव्हलपमेंट होणार होणार म्हणत वर्षं जातात, तोवर इमारतीच्या दुरुस्तीला कोणी खिशात हात घालत नाही. नवा आलेला माणूस मात्र स्वतःच्या घरात पैसा ओततो.

काम सुरू व्हायच्या आधीच मी सेक्रेटरींना विचारलं होतं, नकाशा आला का? इंजिनिअरचं पत्र? “टाइल्स आणि मधली भिंत, बस. तोंडी झालंय आमचं.” नव्या शेजारीणबाई तर गोडच बोलायच्या. “ताई, तुम्ही उगाच टेन्शन घेता. आमचा इंटिरियरवाला मोठमोठी कामं करतो.”

मग ब्रेकर सुरू झाला. आमच्या देवघरातली घंटा आपोआप किणकिणायची. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, तर शेजारीणबाईंच्या यजमानांचं उत्तर आलं, “काही जणांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.” त्याखाली अंगठ्यांची रांग. ते अंगठे कोणाकोणाचे होते, मला पाठ आहे.

एकदा भाजी घेऊन वर येताना जिन्याखालच्या डेब्रिजच्या गोणीत माझी ओढणी अडकली. सोडवायला वाकले तर गोणीतून सळई बाहेर आलेली. अंगठ्याएवढी जाड, अंगभर गंज, पण कापलेलं टोक नवंकोरं चकचकीत. शेजारच्या गोणीत सिमेंटच्या ढेकळात रुतलेल्या चौकोनी रिंगा. कंत्राटदार म्हणाला, “वो माळे का है, मॅडम.” आमच्या ह्यांची हयात साइटवर सुपरवायझरी करण्यात गेली. ते खाली आले, गोणी बघितली आणि एवढंच म्हणाले, “माळ्याची सळई करंगळीहून बारीक असते. ह्यांनी तुळई कापली आहे.” माझ्या पोटात गोळा आला. घाटकोपर आठवलं.

घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धीसाई इमारत २५ जुलै २०१७ रोजी सकाळी कोसळली. सतरा माणसं गेली. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत फेरफार चालू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. घाटकोपर आमच्यापासून लोकलने किती लांब? तरी सेक्रेटरी म्हणतात, “एवढं काही होत नाही हो.”

गोणी बघितली त्याच दिवशी मी सोसायटीला लेखी पत्र दिलं आणि पोच घेतली. दुसरी प्रत महापालिकेच्या टी विभाग कार्यालयात, इमारत व कारखाने खात्यात. मग कुठे सोसायटीला इंजिनिअर आठवला. तुळईला खालून लोखंडी जॅक लागले, काम थांबलं, आणि खालच्यांच्या खर्चाने ती दुरुस्त झाली. “बरं झालं वेळेत लक्षात आलं,” असं सेक्रेटरी मीटिंगमध्ये म्हणाले. कोणाच्या लक्षात आलं, ते इतिवृत्तात नाही.

आता, ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी.

टाइल्स, प्लास्टर, रंग यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. खांब, तुळई, स्लॅब यांना हात लावायचा तर लागते. ‘इंटिरियरचं काम आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही मागा. इंटिरियरवाला म्हणजे इंजिनिअर नव्हे.

काम सुरू होण्याआधी आपल्या भिंती, लाद्या, छत, बाथरूमचे कोपरे यांचे तारखेसह फोटो काढा. नंतर तडा दाखवलात की “तो आधीपासूनच होता” हे ठरलेलं उत्तर येतं.

डेब्रिजकडे बघा. शेजारी काय सांगतात ते सोडा, गोणी खोटं बोलत नाही. जाड सळया, रिंगा, मोठे काँक्रीटचे तुकडे दिसले की फोटो काढून त्याच दिवशी पत्र.

ग्रुपवर वाद घालू नका. तिथे अंगठे मिळतात, पोच मिळत नाही. सोसायटी दाद देत नसेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा. पण खांब-तुळईचा प्रश्न असेल तर तिकडे वेळ न घालवता आधी वॉर्ड ऑफिस, नाहीतर महापालिकेची १९१६ ही हेल्पलाइन.

इमारत तीस वर्षांवरची असेल तर मुंबई महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाने स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. आपल्या सोसायटीने केलंय का, अहवाल कुठे आहे, हे आजच विचारा.

शेजाऱ्यांशी गोडीने वागा, संयम ठेवा, हेही सगळे सांगतात. ठेवा. मीही ठेवला होता.

आणि पत्रावर एकट्याची सही टाकू नका. एका सहीची तक्रार होते, पाच सह्यांचं सभासदांचं म्हणणं होतं. माझ्या पत्रावर सही करतो म्हणून चौघे म्हणाले होते. एकानेही केली नाही. जॅक लावल्यावर बघायला मात्र चौघेही आले.