काचपेटीतील पिले जगवा, जोडधंदा उभा करा

वारजे माळवाडीत बाह्यवळण महामार्गाच्या कडेने गॅरेज, फॅब्रिकेशन, सुतारकाम करणारे आपले कितीतरी कारागीर भाई राहतात. हातातले काम चार दिवस बंद पडले की घर अडते. अशा घरांना अल्प भांडवलात करता येण्याजोगा जोडधंदा म्हणून शोभिवंत माशांची पैदास अनेकदा सुचवली जाते. सुचवणारे एवढेच सांगतात, ''गप्पी, मोली काही बघावे लागत नाहीत, आपोआप वाढतात.'' हे अर्धेच खरे आहे. पिले आपोआप होतात, पण आपोआप जगत नाहीत. नफा-तोटा ठरतो तो पिले जगण्यावर.

गप्पी, मोली, प्लॅटी आणि तलवारशेपटी हे मासे अंडी न घालता जिवंत पिले देतात. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी विते, मोलीला थोडे जास्त दिवस लागतात. पहिलटकरीण मादी पाच-दहा पिले देते, तर चांगली वाढलेली मादी तीस-चाळीसही देते. एकदा नराचा संग झाला की मादी ते बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवते आणि त्यावर पुढची अनेक वेते काढते. धंदा करणाऱ्याने ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दुकानातून आणलेली मादी आधीच भरलेली असते. तुम्ही तिच्यासोबत कितीही देखणा नर सोडा, सुरुवातीची पिले कोणत्या नराची ते सांगता येत नाही. एका रंगाचा शुद्ध माल काढायचा असेल तर नरांपासून वेळीच वेगळ्या ठेवलेल्या कोवळ्या माद्या विकत घ्याव्यात. थोडे जास्त पैसे गेले तरी चालेल.

मादीचे पोट चौकोनी दिसू लागले आणि गुदपराजवळचा डाग गडद झाला की वेत जवळ आले असे समजावे. तिला दोन-तीन दिवस आधी वेगळ्या टाकीत हलवावे. अगदी शेवटच्या घडीला पकडाल तर ती घाबरून अपुऱ्या दिवसांची पिले टाकते. टाकीत जावा मॉसचा किंवा हायड्रिलाचा दाट पुंजका सोडावा. हे सोडले नाही तर मादी स्वतःचीच पिले गिळते, तिला आईपणाचे काही सोयरसुतक नसते! विणे झाले की मादी बाहेर काढावी. ओढ्या-कालव्यातली वनस्पती आणाल तर आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्यात बुडवून स्वच्छ धुऊन घ्या. नाहीतर तिच्यासोबत जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात. त्या अळ्या एका रात्रीत टाकी साफ करतात.

आता पाण्याविषयी, कारण प्रस्तुत लेखकाचे नुकसान इथेच झाले. खडकवासल्याचे पाणी जलकेंद्रात शुद्ध होऊन नळाला येते. माणसाला ते चांगले, पण त्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते. घाईच्या एका सकाळी मी थेट नळाची बादली टाकीत ओतली आणि संध्याकाळपर्यंत मोलीचे अख्खे वेत तळाशी आडवे झाले. दोष कोणाला देणार? तेव्हापासून नियम केला : पाणी उघड्या पिंपात चोवीस तास ठेवायचे. वेळ नसेल तर जुने फोटोग्राफर वापरत त्या हायपोचे एक-दोन खडे बादलीत विरघळवायचे. धरणाचे पाणी मऊ असते. गप्पीला ते चालते, पण मोलीला जड पाणी मानवते. बोअरवेलचे पाणी हाताशी असेल तर मोलीसाठी ते थोडे मिसळावे, किंवा आयोडीन नसलेले जाडे मीठ चिमूटभर टाकावे.

चोवीस इंच लांब, बारा रुंद, बारा उंच टाकीत सुमारे सत्तावन्न लिटर पाणी मावते. म्हणजे काच सोडून सत्तावन्न किलो वजन. फळी टाकण्याआधी भिंतीचा आणि खिळ्यांचा विचार करा. पिलांच्या टाकीत पंपावर चालणारा साधा स्पंजचा फिल्टर लावावा, मोठा फिल्टर पिलांना ओढून घेतो. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश ठेवावे. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पिलांना झेपत नाहीत, हीटर लागतोच.

पिलांना पहिल्या दिवसापासून खायला लागते, पण तोंड सुईच्या टोकाएवढे. सर्वात उत्तम खाणे आर्टेमियाच्या ताज्या अळ्या. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात अंडी घालावीत व पंपाची हवा जोरात सोडावी. चोवीस ते छत्तीस तासांत अळ्या बाहेर पडतात. हवा बंद करून एका बाजूला दिवा धरला की अळ्या उजेडाकडे येतात आणि टरफले वर तरंगतात. गाळून, गोड्या पाण्याने धुऊन पिलांना द्याव्यात. हे न जमल्यास उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलच्या कापडातून पाण्यात चाळून द्या, पण तुरीच्या दाण्याहून कमी. उरलेला बलक कुजला की पाणी दुधाळ होते आणि पिले पटापट मरतात. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाणे आणि आठवड्यातून दोनदा पाव टाकी पाणी बदलणे, यात हयगय नको. घरातल्या बायका-मुलांना हे सहज जमते. खरे सांगायचे तर आपल्यापेक्षा बरे जमते.

तीन-चार आठवड्यांत नराचा गुदपर टोकदार होऊ लागतो. त्याच वेळी नर-मादी वेगळे करावेत. वाकड्या कण्याची पिले पैदाशीला ठेवू नयेत, आणि तीच ती भावंडे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र सोडू नयेत. माल खुजा होतो.

हिशेब असा. दहा माद्या, प्रत्येकी तीस पिले, म्हणजे महिन्याला तीनशे. शंभरातली साठ जगली तर १८० नग, तीस जगली तर ९० नग. टाक्या त्याच, वीज तीच, मेहनत तीच. विक्रीला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा तेवढे दिवस घरखर्च यावर अवलंबून ठेवू नका. टाक्या भरण्याआधी दोन-तीन दुकानदारांशी बोलून कोणता रंग, किती नग, रोख की उधार हे ठरवा. केंद्राने २०२० साली सुरू केलेल्या मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाला अर्थसाहाय्य ठेवले होते. सध्याची स्थिती जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून मगच कर्जाचा विचार करावा.

माल पाठवण्याआधी एक दिवस मासे उपाशी ठेवा. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. पांढरे ठिपके दिसणारा किंवा पर मिटून बसणारा मासा पिशवीत घालू नका, एक आजारी मासा दुकानदाराची सगळी टाकी बसवतो. आणि उरलेले मासे मुठेत किंवा विहिरीत सोडू नका, तिथल्या देशी माशांची अंडी-पिले ते खातात. नको असलेला माल दुसऱ्या पाळणाऱ्याला देऊन टाका.