जुनी प्रत बघू दे, खाडाखोड नको

अगं, पाटोद्यात घरी बसून पुण्याच्या गिऱ्हाइकाला मॅकचं ॲप करून देतेयस, याचं मला किती अप्रूप वाटतं! म्हणूनच एक गोष्ट हळूच सांगते. फाइलच्या जुन्या आवृत्त्या बघायची सोय मॅकवर आयती मिळते, म्हणून ते काम झालं असं धरू नकोस.

आयती मिळते हे खरंच. मॅकच्या २०११ च्या लायन सिस्टिमपासून एनएसडॉक्युमेंटमध्ये ‘ऑटोसेव्हज-इन-प्लेस’ला ट्रू दिलंस की पुढचं सिस्टिम बघते. तासातासाला, बदल जास्त झाले तर त्याआधीही, एक प्रत जपली जाते. मेनूतून आवृत्त्या उघडल्या की डावीकडे आजची प्रत आणि उजवीकडे जुन्यांची चळत.

आता तलाठ्याकडचं बघ. सातबाऱ्यावर आजचा मालक दिसतो, तो कसा झाला ते फेरफारात. फेरफार वाचावा, त्यात खाडाखोड करू नये. इथेही तसंच. उजवीकडची प्रत्येक जुनी प्रत हे स्वतंत्र उघडलेलं डॉक्युमेंट असतं. ‘इज-इन-व्ह्यूइंग-मोड’ तपास आणि तिथलं टायपिंग, टूलबारची बटणं, सगळं बंद ठेव. आणि डेटा एकाच सामाईक ऑब्जेक्टमध्ये कोंबला असशील तर आजच वेगळा कर, नाहीतर जुनी प्रत उघडताच कालचे आकडे आजच्या प्रतीत घुसतील.

खरी फजिती जुनी प्रत परत आणताना, ‘रिस्टोअर’ला होते बघ. फाइल नव्याने वाचली जाते, पण विंडो आधीच उघडी असते. विंडो लोड होतानाच मजकूर भरत असशील, तर आत जुना डेटा येतो आणि पडद्यावर मघाचाच मजकूर राहतो. गिऱ्हाईक म्हणणार, ‘बटण चालत नाही.’ म्हणून मजकूर दाखवायचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढ आणि फाइल वाचून झाली की दर वेळी ते कॉल कर.

अजून एक, गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेव की मेलने फाइल पाठवली तर फक्त आजची प्रत जाते, इतिहास सोबत जात नाही. नंतर वाद नकोत.

डेमोच्या आदल्या दिवशी एक अख्खा परिच्छेद मुद्दाम पुसून टाक. जुन्या प्रतीवर जा, रिस्टोअर कर, चार ओळी बदल, पुन्हा मागे जा. कुठेही अडलं नाही, तरच बिल पाठव.